हलक्या वाऱ्यात विंडसर्फिंग : बोर्ड आणि शीड कसं निवडावं

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर वारा बहुतेक दिवस हलकाच असतो. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, अकरा-बाराच्या सुमारास मधली पडझड, आणि दुपारनंतर पश्चिम-वायव्येकडून खारे वारे. हे दुपारचे वारे साधारण ८ ते १२ नॉटपर्यंत चढतात (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), एप्रिल-मेमध्ये थोडे जास्त. सामान निवडायचं ते याच वाऱ्यासाठी. व्हिडिओत पाण्यावरून उडत जाणारी माणसं १८-२० नॉटमध्ये असतात. त्यांचा ९५ लिटर आकारमानाचा बोर्ड इथे आणला, तर दुपारभर गुडघाभर पाण्यात त्यावर उभं राहायचा सराव होईल, एवढंच.

आणखी एक चूक नेहमीची आहे : वारा कमी, म्हणून मोठं शीड घ्यायचं आणि बोर्डाचं नंतर बघायचं. यातलं गणित आधी समजून घ्या. शिडावरचा जोर क्षेत्रफळाच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ६ नॉटमध्ये मिळणारा जोर १२ नॉटच्या जोराचा फक्त चौथा भाग असतो. आता ६.५ चौरस मीटरऐवजी ८.५ चौरस मीटरचं शीड लावलं, तर जोर सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. ८ नॉट वारा ९.१ नॉट झाला असता तरी तेवढाच वाढला असता. म्हणजे दोन चौरस मीटर जादा कापड, लांब मास्ट (शिडाचा खांब), लांब बूम (हातात धरायचा दांडा) आणि दोन-तीन किलो वजन यांच्या बदल्यात पदरात पडतो जेमतेम एक नॉट. म्हणून आधी बोर्ड, मग फिन (बोर्डाच्या शेपटाखालचं पातं), मग शीड.

पायरी १ : आपल्या पाण्यावरचा वारा मोजा

हवामानाच्या अ‍ॅपमधला आकडा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. पाण्यालगत, शिडाच्या उंचीवर वारा त्याहून कमी भरतो. हातातलं वारामापक घेऊन पाण्याच्या कडेला डोक्याच्या उंचीवर दोन मिनिटं धरा आणि सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त असे दोन्ही आकडे लिहून ठेवा. यंत्र नसेल तर पाणी वाचा : नुसत्या बारीक लहरी, माथा फुटत नाही, तर ४ ते ६ नॉट, माथे फुटायला लागून इकडेतिकडे फेस दिसतो, तर ७ ते १०, सगळीकडे पांढरा फेस, तर ११ च्या पुढे.

खडकवासला किंवा पवना यांसारख्या डोंगरांनी वेढलेल्या धरणांवर वारा झुळकांनी येतो आणि मध्येच मरतो. तिथे झुळकेसाठी नव्हे, दोन झुळकांमधल्या पडलेल्या वाऱ्यासाठी बोर्ड निवडा. वारा पडला तरी तरंगत उभं राहता आलं पाहिजे.

हवेचाही थोडा वाटा आहे. ३५ अंश तापमानाची हवा १५ अंशाच्या हवेपेक्षा सुमारे साडेसहा टक्के विरळ असते. थंड हवेत ठरवलेल्या शिडाच्या मापांच्या तक्त्यात तुमच्या वजनासमोर दोन मापं दिली असतील, तर आपल्याकडे त्यातलं मोठं धरा.

पायरी २ : तरंगण्याचा हिशेब

एक लिटर आकारमान साधारण एक किलो तोलतं. ७५ किलोचा माणूस, १० किलोचं शीड-मास्ट-बूम आणि १३ किलोचा बोर्ड मिळून ९८ किलो झाले. म्हणजे ९८ लिटरचा बोर्ड पाण्याच्या पातळीलाच राहील, वर काहीच उरणार नाही. हलक्या वाऱ्यात शीड माणसाचं वजन उचलत नाही, त्यामुळे तोल सगळा बोर्डावरच. सरावलेल्याला या बेरजेवर किमान ४० लिटर शिल्लक हवेत आणि शिकणाऱ्याला ८० च्या वर. याच माणसासाठी म्हणजे १४० आणि १८० लिटर. वजन ९० किलो असेल तर दोन्ही आकड्यांत १५ ते २० मिळवा. मधला आकडा निवडून पैसे वाचवण्याचा मोह होतो, पण दोन महिन्यांनी ‘जास्तच मोठा’ वाटेल या भीतीने कोणी मोठा बोर्ड नाकारू नये. हलक्या वाऱ्यात मोठा बोर्ड जुना होत नाही.

पायरी ३ : बोर्डाचा प्रकार ठरवा

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे सोडवायचा असतो : तुम्हाला पाण्याच्या पृष्ठभागावर घसरत वेगाने जायचं आहे, म्हणजे प्लेनिंग, की कमी वाऱ्यातही सतत पुढे सरकत राहायचं आहे? ७५ किलोच्या माणसाला १४० ते १५० लिटरचा रुंद बोर्ड, ८.५ चं शीड आणि चांगला सराव असेल तर साधारण १० ते ११ नॉटला प्लेनिंग सुरू होतं. त्याखाली फिनवर चालणारा आखूड बोर्ड फक्त पाणी ढकलत राहतो.

आठवड्यातले बहुतेक दिवस ६ ते १० नॉट असतील, तर मधोमध डॅगरबोर्ड, म्हणजे पाण्यात खाली सोडायची मागे-पुढे वळणारी उभी पाटी, असलेला लांब बोर्ड घ्या. तरंगत चालणाऱ्या बोर्डाला वेग मिळतो तो पाण्यातल्या लांबीमुळे, शिवाय डॅगरबोर्ड खाली सोडला की वारा येतो त्या दिशेकडे तिरपं वर जाता येतं. हे वर जाणं महत्त्वाचं, नाहीतर नवशिका वाऱ्याखाली वाहत जातो आणि बोर्ड ओढत वाळूतून परत येतो. ३६६ सेंटीमीटर लांबीचा विंडसर्फर एलटी हा याचा नमुना आहे : शीड फक्त ५.७ चौरस मीटर, तरी ७-८ नॉटमध्ये मजेत चालतो. तरुण मुलांसाठी आणि ५० ते ७० किलोच्या प्रौढांसाठी टेक्नो २९३ हा दुसरा चांगला पर्याय : २९३ सेंटीमीटर लांब, ७९ रुंद, २०५ लिटर, डॅगरबोर्डसह. १५ वर्षांखालच्या गटात त्यावर ६.८ चं आणि १७ खालच्या गटात ७.८ चं शीड लावतात.

आरएस:एक्स हा २००८ ते २०२० च्या ऑलिम्पिकमधला बोर्ड. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारताच्या इबाद अलीने याच वर्गात कांस्यपदक मिळवलं. जुन्यात असा संच स्वस्तात मिळाला तरी हौशी माणसाने दोनदा विचार करावा. पुरुषांचं शीड ९.५ चौरस मीटर, बोर्ड ९३ सेंटीमीटर रुंद; हलक्या वाऱ्यात तो चालतो ते शीड हातांनी सतत पंप करून. ते खेळाडूचं काम आहे, रविवारच्या दुपारचं नव्हे.

वारा बहुतेक दुपारी ११-१२ ला पोचत असेल आणि हार्नेस (बूमला अडकवायचा कमरेचा पट्टा) व बोर्डावरच्या पायपट्ट्या तुम्हाला जमत असतील, तर ७५ ते ८५ सेंटीमीटर रुंदीचा १३५ ते १५५ लिटरचा फ्रीराइड बोर्ड, म्हणजे हौशी प्लेनिंगचा आखूड बोर्ड, घ्या. यात लिटरपेक्षा रुंदी बघा. मागच्या बाजूला रुंद असलेला बोर्डच मोठी फिन आणि मोठं शीड पेलतो. ६८ सेंटीमीटरच्या बोर्डावर ८.५ लावलं तर शेपूट बुडते आणि नाक वर येतं. पायपट्ट्या सुरुवातीला आतल्या भोकांत बसवा. कडेच्या भोकांपर्यंत पाय नेण्यासाठी जो वेग लागतो तो हलक्या वाऱ्यात येतच नाही.

फॉइलने (बोर्डाला पाण्यावर उचलणाऱ्या, खांबाखालच्या पंखांनी) ८-१० नॉटमध्ये उडता येतं, तेही ६-७ च्या शिडावर, हे खरं. पण त्याचा खांब ७५ ते ९५ सेंटीमीटर असतो, आणि आपले बरेच किनारे इतके उथळ की ओहोटीला कमरेइतकं पाणी लागायला शंभर-दोनशे पावलं जावं लागतं. त्यात रापणीची जाळी. फॉइल घ्यायचंच असेल तर त्यासाठी मजबूत केलेला खाचा असलेलाच बोर्ड हवा. साध्या फिनच्या खाच्यात बसवलं की खाचा तडकतो.

पायरी ४ : फिन

लांब बोर्डाला ४० ते ४६ सेंटीमीटर पुरते, कारण अर्धं काम डॅगरबोर्ड करतो. फ्रीराइड बोर्डावर ८ ते ८.५ च्या शिडाला ४६ ते ५० लागते. फिन लहान पडली तर बोर्ड आडवा सरकतो आणि लोक शिडाला दोष देतात. धरणात जलपर्णी असेल तर मागे झुकलेली फिन घ्या. सरळ फिनवर एक वेल अडकला की हलका वारा असूनही वाराच नाही असं वाटतं. खरेदीपूर्वी खाच्याचा प्रकार (टटल, पॉवर बॉक्स, यूएस बॉक्स) बघून घ्या, एकाची फिन दुसऱ्यात बसत नाही.

पायरी ५ : शीड

लांब बोर्डावर शिकणाऱ्या ७० ते ७५ किलोच्या माणसाला ४.५ ते ५ चौरस मीटर, जमायला लागल्यावर ६ ते ६.५, ५५ किलोला ३.५ ते ४ आणि नंतर ५ ते ५.५. मुलांना १.५ ते ३. फ्रीराइड बोर्डावर प्लेनिंगसाठी ७५ किलोला ८ ते ८.५, ६० किलोला ७ ते ७.५.

कॅम्बर (बॅटन, म्हणजे शिडातल्या आडव्या पट्ट्या, मास्टला टेकवणारे चिमटे) असलेलं शीड वारा पडला तरी आकार धरून ठेवतं. पण त्याच्या मास्टच्या रुंद खोळीत पाणी भरतं, आणि ८.५ चं ओलं शीड अपहॉलच्या दोरीने चार वेळा पाण्यातून उचललं की कंबर बोलायला लागते. वरचेवर पडणाऱ्याने कॅम्बर नसलेलं, पाच ते सात बॅटनचं शीडच घ्यावं. शिकणाऱ्याच्या शिडावर खिडकी मोठी हवी. बाकी रंगसंगतीत वेळ घालवू नका.

पायरी ६ : मास्ट आणि बूम

शिडावर लफची, म्हणजे मास्टकडच्या कडेची लांबी, बूमची लांबी आणि मास्टचं माप छापलेलं असतं. लफ ४८५ सेंटीमीटर असेल तर ४६० चा मास्ट आणि खाली २५ ची एक्स्टेन्शन (मास्ट लांब करणारा जोडतुकडा). मास्ट साधारण असे : ६.५ पर्यंत ४३०, ७ ते ८.५ ला ४६०, त्यावर ४९०. मास्टचा वाक त्या शिडाच्या कंपनीने सांगितलेलाच हवा. चुकीच्या वाकाच्या मास्टवर कितीही ताणलं तरी मधल्या बॅटनपाशी सुरकुत्या राहतात. खर्च कुठे करायचा असेल तर मास्टवर करा. कार्बनचं प्रमाण जास्त म्हणजे हातात हलकं, आणि हलक्या वाऱ्यात सगळं वजन हातातच असतं.

पायरी ७ : बांधणी

वारा कमी म्हणून खालची दोरी, म्हणजे डाउनहॉल, सैल ठेवायची असं अनेकांना वाटतं. हे उलटं आहे. ती कमी ताणली तर बॅटनची टोकं मास्टच्या मागून पुढे डोकावतात, शीड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फिरत नाही आणि हातात जड लागतं. पाय एक्स्टेन्शनवर टेकवून, दोरी हार्नेसच्या दांड्याला गुंडाळून पाठीने ओढा. वरच्या एक-दोन बॅटनमधली मागची कड बोटाने दाबली तर सैल लागली पाहिजे, त्याखाली नको.

शिडाला पोट, म्हणजे फुगवटा, ठेवायचं ते मागच्या दोरीने, म्हणजे आउटहॉलने. शीड आपोआप बसतं त्या जागेपासून फक्त १ ते ३ सेंटीमीटर ओढा. किनाऱ्यावर शीड आडवं धरून बघा : वारा भरल्यावर बूमला जेमतेम टेकलं तर बरोबर, अर्धं बूमवर चिकटलं तर दोरी थोडी ओढा, आणि पत्र्यासारखं सपाट दिसलं तर सोडा. बूम खांदा आणि हनुवटी यांच्या मध्ये. हार्नेसच्या दोऱ्या २८ ते ३० इंची; ८ नॉटखाली हार्नेसमध्ये अडकवू नका, वारा पडला की पाठीमागे पाण्यात पडाल.

मास्टचा पाया आधी बोर्डावरच्या खोबणीच्या मध्यावर. मोठ्या शिडाने नाक वर-खाली आपटत असेल तर १ ते २ सेंटीमीटर पुढे. लांब बोर्डावर डॅगरबोर्ड वाऱ्याकडे जाताना खाली, वाऱ्याखाली जाताना वर. वेग घेतल्यावरही खाली राहिला तर बोर्ड एका कडेवर उभा राहतो. त्याच्या खाचेत वाळू गेली की तो मध्येच अडकतो, म्हणून प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा.

पाण्यात शिरण्यापूर्वी भरती-ओहोटी बघा. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा प्रवाह दोन-तीन नॉट असू शकतो, आणि ५ नॉट वाऱ्यात बोर्डही तेवढाच चालतो. तुम्ही शीड धरून पुढे जाताय असं वाटत असताना किनारा मागे जात असतो. मतलई वाऱ्यात सकाळी शिकणं तर टाळाच, तो तुम्हाला बाहेरच नेतो. लाइफजॅकेट नेहमी अंगात.

पायरी ८ : जुनं सामान घेताना

भारतात नवीन सामान फार थोड्या ठिकाणी मिळतं, त्यामुळे बहुतेक जण जुनंच घेतात. बोर्डावर पायपट्ट्यांच्या आसपास अंगठ्याने जोरात दाबा. मऊ लागलं किंवा टिचकीचा आवाज बदलला तर आतलं थर सुटलंय. बोर्ड वजनकाट्यावर ठेवा. छापील वजनापेक्षा दोन किलो जास्त म्हणजे आत पाणी आहे. हवेचा स्क्रू आणि त्याची रबरी चकती जागेवर आहे का बघा. शिडाची पारदर्शक फिल्म उन्हाने पिवळी पडली असेल आणि घडीवर कडकड वाजत असेल तर एका मोसमात फाटेल. मास्टचे दोन्ही भाग जोडून फिरवून बघा, सांध्यावर उभी चीर असेल तर सोडून द्या. शेवटी मास्टच्या पायातला रबरी सांधा वाकवा. त्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो पाण्यात जाण्यापूर्वी बदला, बाकी कितीही चांगलं असलं तरी. किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटरवर तो तुटला की शीड एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.