डॅन्यूबकाठी सायकलवर निघताय? या चुका टाळा

जर्मनीतलं पासाऊ ते व्हिएन्ना हा डॅन्यूबकाठचा सायकलमार्ग साधारण सव्वातीनशे किलोमीटरचा. जवळपास सपाट, बराचसा गाड्यांच्या रस्त्यापासून वेगळा. परदेशातल्या पहिल्या सायकल सहलीला मी डोळे झाकून हाच सुचवते.

पण सोपा म्हणूनच इथे हिशेब चुकतो. ‘रोज ऐंशी किलोमीटर, चार दिवसांत व्हिएन्ना!’ जमतंही, फक्त हाताला काही लागत नाही. मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्याचा टापू जेमतेम 36 किलोमीटर. तिथे दोन दिवस ठेवाच. ड्यूर्नश्टाइनच्या किल्ल्यात 1192च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. त्या पडक्या भिंतींपर्यंत पायी चढून गेलं की नदीचं वळण आणि दोन्ही काठांवरचे द्राक्षमळे दिसतात. जुलैत गेलात तर वाटेत ताजे जर्दाळू मिळतील. एकूण सात-आठ दिवस धरा, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडेच जा. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो, उलट निघालात तर तो छातीवर घ्यावा लागेल.

सायकल ठरवताना ब्रेक विचारा. तिकडच्या भाड्याच्या बऱ्याच सायकलींना पेडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. चालत्या सायकलवर सहज पेडल मागे फिरवायची आपली सवय. इथे तसं केलं की मागचं चाक जागीच अडतं. नको असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. घेतलीच, तर सामान लादण्याआधी मोकळ्या जागेत दहा मिनिटं चालवून बघा. सायकल व्हिएन्नातच परत करता येईल का, हेही तेव्हाच विचारा. नाहीतर परतीच्या लांब पल्ल्याच्या रेल्वेत सायकलची जागा आधी आरक्षित करावी लागते.

नदी ओलांडायच्या छोट्या होड्या ठरावीक महिन्यांत आणि ठरावीक वेळातच चालतात. मुक्काम पलीकडच्या काठावर असेल तर शेवटची फेरी कितीची, ते सकाळीच बघून ठेवा.

जर्मनी आणि ऑस्ट्रियाला एकच शेंगेन व्हिसा चालतो, अर्ज मात्र ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे. म्हणजे विमान जर्मनीत म्युनिकला उतरलं तरी या सहलीतले बहुतेक मुक्काम ऑस्ट्रियात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे.

रविवारी दुकानं बंद असतात, खाऊ शनिवारीच भरून घ्या. शाकाहारी असाल तर सूपच्या बाबतीत जपा. फ्रिटाटेनझुपेमध्ये वर दिसतात ती धिरड्याची कातरणं, पण खालचं पाणी गोमांसाचं असतं. मागवण्याआधी विचारा.