पर्यायी युरोव्हिजन: घरच्या घरी हा खेळ कसा मांडावा

युरोव्हिजन या मुख्यतः युरोपातल्या देशांच्या, दूरचित्रवाणीवरच्या गीतस्पर्धेत प्रत्येक देश दरवर्षी एकच गाणे पाठवतो, आणि त्या निवडीवर नाराज होणारे त्या देशातच पुष्कळ निघतात. पर्यायी युरोव्हिजनचा खेळ या नाराजीवरच उभा आहे: आपण एक देश घ्यायचा आणि त्याने त्या वर्षी पाठवलेले गाणे बाजूला ठेवून, पाठवता आले असते असे दुसरे गाणे उभे करायचे. आम्ही अमळनेरला आखाजी आटोपली की हा खेळ मांडतो. स्पर्धेची अंतिम फेरी मे महिन्यातल्या शनिवारी असते आणि आपल्या घड्याळाने रात्री साडेबाराला सुरू होते. तोवर जागे राहायला निमित्त लागते, आणि गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत झोप तशीही येत नाही.

आधी माणसे मोजावीत, कारण गुणांची पद्धत त्यावर अवलंबून आहे. 1975 पासून स्पर्धेत प्रत्येक देश 12, 10 आणि मग 8 पासून 1 पर्यंत, असे दहा गाण्यांना गुण देतो आणि स्वतःच्या गाण्याला काहीच देऊ शकत नाही. अकरा जण आणि अकरा गाणी असली, तर आपले वगळून दहाच उरतात आणि सगळ्यांनाच गुण मिळतात. शून्याची धास्ती गेली की खेळ मिळमिळीत होतो. आम्ही सात जण आहोत, म्हणून प्रत्येकाला दोन देश देतो. चौदा गाण्यांपैकी आपली दोन गेली की बारा राहतात, आणि त्यांतल्या दोघांना कोरडे परत पाठवावे लागते. योगायोग असा, की 1956 साली लुगानोला झालेल्या पहिल्या स्पर्धेतही सात देश होते आणि प्रत्येकाची दोन गाणी होती.

देश चिठ्ठ्या टाकूनच वाटावेत, नाहीतर इटली आणि स्वीडनवरून भाऊबंदकी होते. इटलीकडे सॅनरेमो महोत्सव आहे आणि स्वीडनकडे मेलोडिफेस्टिवालेन; युरोव्हिजनला कोण जाणार ते या देशांतर्गत गाण्यांच्या स्पर्धांतून ठरते, त्यामुळे तिथे हरलेली उत्तम गाणी आयती सापडतात. इटलीत तर हा खेळ प्रत्यक्षातच घडतो: 2025 मध्ये सॅनरेमो जिंकणाऱ्या ओलीने युरोव्हिजनला जायचे नाकारले आणि दुसऱ्या क्रमांकाचा लुचो कोर्सी गेला. ज्याच्या चिठ्ठीत सान मारिनोसारखा चिमुकला देश निघेल त्यानेही रडू नये. गायक त्याच देशाचा असावा असे बंधन नाही. 1988 साली स्वित्झर्लंडला जिंकून देणारी सेलीन डिऑन कॅनडाची होती.

खरी कसोटी ‘पाठवता आले असते’ या तीन शब्दांची आहे, आणि इथे ढिलाई केली तर जो तो आपल्या आवडीचे जुने गाणे घेऊन येतो. स्पर्धेच्याच नियमांप्रमाणे गाणे आदल्या वर्षाच्या 1 सप्टेंबरपूर्वी प्रसिद्ध झालेले नसावे, तीन मिनिटांत संपावे, मंचावर सहापेक्षा जास्त माणसे लागू नयेत आणि मुख्य आवाज प्रत्यक्ष गाता यावा. गेल्या वर्षी माझे एक गाणे तीन मिनिटे चाळीस सेकंदांचे निघाले. मी शेवटाकडून कापत गेलो आणि चढत जाणारा भागच गमावला. शेवटी सुरुवातीचे वीस सेकंदांचे वादन आणि दुसऱ्या कडव्याचा पूर्वार्ध काढला, तेव्हा ते नेमके तीन मिनिटांत बसले आणि, मामेभावाने कबूल केले नाही तरी, पहिल्यापेक्षा बरे झाले.

भाषेची अट 1999 पासून नाही, म्हणून एका वर्षी आतेबहिणीने अहिराणी गाणेच सुचवले. ते आम्ही नाकारले, पण भाषेमुळे नव्हे, तर तो देश ते पाठवेल हे तिला पटवून देता आले नाही म्हणून. प्रादेशिक भाषांतली गाणी तिथे गेलेली आहेत: फ्रान्सने 1996 मध्ये ब्रेटन आणि एस्टोनियाने 2004 मध्ये व्होरो भाषेतले गाणे पाठवले होते. घरात एक आणि शाळेत दुसरी भाषा बोलणाऱ्या खानदेशी माणसाने अशी गाणी अवश्य शोधावीत.

गाणी वाजवण्याचा क्रमही चिठ्ठीनेच ठरवावा आणि प्रत्येक गाणे एकदाच पूर्ण ऐकवावे. मग प्रत्येकाचे अर्धा मिनिट पुन्हा वाजवावे, कारण पहिले ऐकलेले गाणे चौदाव्यापर्यंत विसरलेले असते. गुण कागदावर लिहून, घडी घालून डब्यात टाकेपर्यंत चर्चा बंद ठेवावी. शेवभाजी त्यानंतरच वाढावी, नाहीतर जेवताना मते फुटतात. वाचताना 1 पासून वर जावे आणि 12 शेवटी सांगावे.

बरोबरीचा नियम मात्र आधीच लिहून ठेवावा. 1969 साली माद्रिदला चार देशांचे गुण सारखे झाले आणि नियम नसल्याने चौघांनाही विजेते ठरवावे लागले. 1991 मध्ये स्वीडन आणि फ्रान्स 146 गुणांवर अडले, तेव्हा 12 गुणही दोघांना सारख्याच वेळा मिळालेले होते, आणि 10 गुण जास्त वेळा मिळाल्याने स्वीडन जिंकला. आम्ही हीच पद्धत वापरतो. तीही अपुरी पडली, तर ज्याच्या घरी गच्ची आहे त्याने छापा-काटा करावा, कारण तोवर साडेबारा होत आलेले असतात आणि कोणीतरी लॅपटॉप वर आणून वायर जोडायची राहिलेली असते.