गावात घर घेण्यापूर्वी सुरक्षिततेची चौकशी कशी करावी

वर्धा, यवतमाळ किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात घर घ्यायचे ठरले की सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घराच्या कर-आकारणीचा उतारा) आणि विहिरीचे पाणी यांची चौकशी बहुतेक जण करतात. पण तिथे रात्री निर्धास्त झोप लागेल का, हा प्रश्न ‘गाव चांगले आहे’ किंवा ‘ती वस्ती बरी नाही’ एवढ्या ऐकीव शब्दांवर सोडून दिला जातो. अशा शब्दांमागे पुष्कळदा प्रत्यक्ष घटना नसते, वस्तीच्या नावाला चिकटलेली जात असते. म्हणून कोणी वस्तीला नाव ठेवले, तर काय घडले, कधी घडले आणि कोणत्या ठिकाणी घडले, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर देता आले नाही, तर ते मत बाजूला ठेवावे.

गुन्ह्यांची वार्षिक सरकारी आकडेवारी जिल्हानिहाय प्रसिद्ध होते आणि ग्रामीण ठाण्याच्या हद्दीत बरीच गावे असतात, त्यामुळे त्या आकड्यांवरून आपल्या गावाविषयी फारसे कळत नाही. त्यापेक्षा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारखा निवडून प्रसिद्ध झालेले प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) वाचावेत; संवेदनशील प्रकरणे वगळून इतर अहवाल संकेतस्थळावर टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. नेमक्या गावाचे आकडे हवे असल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, गेल्या तीन वर्षांत त्या गावाच्या हद्दीत नोंदलेल्या चोरी, घरफोडी, मारहाण आणि अवैध दारूच्या गुन्ह्यांची वर्षनिहाय संख्या मागावी. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. तेवढे दिवस हाताशी ठेवूनच इसाराची तारीख ठरवावी. आकडा शून्य आला तरी लगेच निश्चिंत होऊ नये, कारण जिथे ठाणे दूर असते आणि गावातल्या गावात मिटवण्याची रीत असते, तिथे तक्रार नोंदलीच जात नाही.

यासाठीच पोलीस पाटलांना भेटणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नेमलेला हा माणूस त्याच परिसरात राहतो आणि ठाण्यात न पोहोचलेली भांडणेही त्याच्या कानावर असतात. बीट जमादार (त्या भागाची जबाबदारी असलेले पोलीस) गावात किती वेळा येतात, ११२ वर फोन केल्यावर गाडी यायला किती वेळ लागला, कापूस घरात भरलेला असताना किंवा लग्नसराईत चोऱ्या झाल्या का, शेतातल्या मोटारी आणि केबल चोरीला जातात का, हे त्यांना नेमकेपणाने विचारावे. त्यानंतर तंटामुक्त समितीच्या अध्यक्षांकडे त्या घराचा आणि शेजारच्या घरांचा वाद कधी आला होता का, याची चौकशी करावी. गावात डोकी फुटतात ती बहुधा धुऱ्यावरून म्हणजे शेताच्या बांधावरून, सांडपाण्यावरून आणि येण्याजाण्याच्या वाटेवरून. मी पाहिलेल्या एका घराचे कागद स्वच्छ होते, पण मागच्या भिंतीवरून दोन भावांत हाणामारी होऊन प्रकरण न्यायालयात गेले होते आणि विक्रेत्याने त्याचा उल्लेखही केला नव्हता. म्हणून चतु:सीमा, म्हणजे घराच्या चारही बाजूंच्या हद्दी, शेजाऱ्यांच्या समोर उभे राहून तपासावी.

दारूविषयी स्वतंत्र चौकशी करावी. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. पण बंदी असली तरी मोहाची दारू कुठे मिळते हे गावातल्या बायांना ठाऊक असते. घरातल्या स्त्रियांनी हापशीवर किंवा बचत गटाच्या बैठकीत या बायांशी बोलावे. संध्याकाळी सातनंतर कोणत्या वाटेने मुलींना पाठवत नाही, याचे त्यांचे उत्तर मला कोणत्याही नोंदीपेक्षा विश्वासाचे वाटते.

घर दुपारी एकदा पाहून निर्णय घेऊ नये. आठवडी बाजाराच्या संध्याकाळी पानठेल्यापाशी थांबावे, अमावास्येच्या सुमारास रात्री दहानंतर बसथांब्यापासून घरापर्यंत पायी चालावे, खांबावरचे दिवे लागतात का आणि मोबाइलला रेंज मिळते का ते पाहावे. नदीकाठचे गाव असेल तर पहाटेपर्यंत रेतीचे ट्रॅक्टर किंवा टिप्पर धावतात का, हेही ऐकावे.

ताडोबा किंवा पेंचच्या आसपास सुरक्षिततेचा अर्थ केवळ चोरापुरता उरत नाही. घराच्या मागे झुडपी जंगल आहे का, शौचालय घराला लागून आहे का, गोठ्याला पक्के दार आहे का, हे पाहावे, आणि मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्याच्या दिवसांत वाघ किंवा बिबट कुठवर आला होता, हे वनरक्षकाला विचारावे. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

एवढे झाल्यावर, घरावर वा हद्दीवर कोणताही वाद किंवा दावा प्रलंबित नाही, हे विक्रेत्याकडून इसारपत्रात लिहून घ्यावे आणि ते खोटे ठरल्यास रक्कम परत मिळेल, अशी अट त्यातच घालावी.