डेस्मोप्रेसिन घेताय? पाण्याच्या बाबतीत या चुका टाळा

डेस्मोप्रेसिन हे शरीरातल्याच व्हॅसोप्रेसिन या हार्मोनचं कृत्रिम रूप. किडनीला पाणी धरून ठेवायला लावणं हे त्याचं मुख्य काम. अंथरूण ओलं करणारी मुलं, डायबिटीस इन्सिपिडसचे (किडनी पाणी धरून ठेवत नाही असा आजार) पेशंट आणि सौम्य हिमोफिलिया ए किंवा व्हॉन विलेब्रांड हे रक्त नीट न गोठण्याचे आजार असलेले, अशा वेगवेगळ्या मंडळींना ते दिलं जातं. गोंधळ इथूनच सुरू होतो. औषध एकच, म्हणून शेजारच्या काकूंना सांगितलेला नियम आपणही पाळायला लागतो.

गोळीनंतर सराफा

मुलाची रात्रीची गोळी झालेली असते. तेवढ्यात पाहुणे येतात आणि सगळे सराफ्याला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराला, निघतात. पोराच्या हातात आधी शिकंजी, मग जलजिरा, आणि घरी आल्यावर तिखट लागलं म्हणून दोन ग्लास पाणी. एरवी यात काही बिघडत नाही. पण गोळीने लघवी रोखलेली असताना हे सगळं आतच साठतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते लीटरमागे १३५ ते १४५ मिलिमोलच्या दरम्यान हवं. झपाट्याने उतरलं तर डोकेदुखी, मळमळ, उलट्या, सुस्ती, असंबद्ध बोलणं आणि पुढे झटके.

म्हणून गोळीच्या एक तास आधीपासून नंतरचे आठ तास, तहान भागेल एवढे घोटभरच. दूध, लस्सी, सरबतही यातच धरायचं. सराफ्याला जायचंच असेल तर त्या रात्रीची गोळी देऊ नका. फार तर सकाळी चादर धुवावी लागेल. जिभेखाली विरघळणारी गोळी असेल तर तिच्यावर पाणी पाजायचं नाही. आणि चादर ओली झाली म्हणून आपल्या मनाने दुसरी गोळीही द्यायची नाही.

जुलाब-उलट्या आणि 'एक बाटली लावून घ्या'

अंथरुणासाठी गोळी चालू असेल तर ताप, जुलाब, उलट्यांच्या दिवसांत ती बंद ठेवा. डायबिटीस इन्सिपिडसमध्ये मात्र परस्पर बंद करू नका. त्यांची किडनी औषधाशिवाय लीटरच्या लीटर पाणी सोडते आणि सोडियम उलट वर चढतं. त्यांनी डॉक्टरांना लगेच फोन करून सोडियम तपासून घ्यायचं.

गल्लीतल्या दवाखान्यात अशक्तपणासाठी सलाईन लावण्याची आपली हौस इथे महागात पडते. नुसत्या ग्लुकोजच्या बाटलीतली साखर शरीर वापरतं आणि मागे उरतं ते पाणीच. सुई टोचण्याआधी औषधाचं नाव सांगा.

फाइलवर नुसतं 'डायबिटीस'

डायबिटीस इन्सिपिडसचा साखरेशी संबंध नाही. तरी ॲडमिट झाल्यावर शुगर तपासली जाते, ती नॉर्मल येते आणि डेस्मोप्रेसिनचा डोस राहून जातो. हे जिवावर बेतू शकतं. याच घोळामुळे २०२२ मध्ये या आजाराला 'व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी' असं नवं नाव सुचवलं गेलं. फाइलवर तेही लिहून घ्या. या पेशंटनी पाणी तहानेप्रमाणे प्यायचं. मे महिन्यात फिरणारे 'दिवसाला चार लीटर प्या' छापाचे मेसेज त्यांच्यासाठी नसतात.

स्प्रे बदलला, ताकद बदलली

नाकातल्या एका स्प्रेच्या एका फवाऱ्यात १० मायक्रोग्रॅम, तर रक्तस्रावासाठीच्या जास्त ताकदीच्या स्प्रेत १५०. म्हणजे थेट पंधरापट. दवाबाजारातून (औषधांच्या बाजारातून) पर्यायी ब्रँड आणलात तर नावाआधी हा आकडा वाचा. गोळीचा बराचसा भाग शोषलाच जात नाही, त्यामुळे तिचे आकडे मोठे असतात. ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. स्प्रेच्या हिशोबाशी त्याची तुलना करू नका. सर्दीने नाक चोंदलं असेल तर स्प्रे नीट लागू पडत नाही. अशा वेळी फवारे न वाढवता डॉक्टरांना विचारा.

दात काढायचाय

रक्तस्रावाच्या आजारात डेस्मोप्रेसिन रक्तवाहिन्यांच्या अस्तरात साठलेले फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रांड फॅक्टर, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारी प्रथिनं, रक्तात सोडतं. साठाच नसेल तर सोडणार काय? म्हणून तीव्र हिमोफिलिया ए मध्ये त्याचा उपयोग नाही, आणि हिमोफिलिया बी मध्येही नाही, कारण तिथे कमतरता फॅक्टर नऊची असते. व्हॉन विलेब्रांडच्या २बी प्रकारात तर प्लेटलेट उतरू शकतात. म्हणून दात काढण्याच्या काही दिवस आधी चाचणी डोस देऊन फॅक्टर किती चढतो ते पाहतात. हे टाळून थेट डेंटिस्टच्या खुर्चीत बसणं मला तरी पटत नाही. लागोपाठ डोस दिले तर साठा आटतो आणि परिणाम घटत जातो.

दात काढल्यावर घरचे प्रेमाने नारळपाणी, ज्यूस पुढे करत राहतात. पुढचे २४ तास फक्त तहानेपुरतंच प्या. दुखलं तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको. त्यांनी रक्तस्राव वाढतो, शिवाय आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी डेस्मोप्रेसिनबरोबर सोडियमही घसरतं. पॅरासिटामॉल चालतं का, ते आधीच विचारून ठेवा.

रात्री वारंवार उठावं लागतं म्हणून आजी-आजोबांना हे औषध दिलं असेल, तर सोडियम सुरू करण्याआधी, पहिल्या आठवड्यात आणि महिन्याभराने तपासायचं. ब्लडप्रेशरसाठी थायझाइड, फिट्ससाठी कार्बामाझेपिन किंवा नैराश्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. डोकं जड होऊन उलट्या झाल्या किंवा बोलणं असंबद्ध वाटलं, तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून सकाळची वाट बघू नका. पाणी पाजणं थांबवा, औषधाचं पाकीट बरोबर घ्या आणि रात्री लॅब चालू असलेल्या हॉस्पिटलात न्या.