प्रेक्षकाची अपेक्षा कशी ओळखावी?

अंबाजोगाईत किंवा लातुरात चित्रपट दाखवून चर्चा घडवायची असेल, तर आधी केवळ पोस्टर दाखवावे आणि पुढे काय घडेल असे वाटते, हे प्रत्येकाकडून कागदावर लिहून घ्यावे. दाराची करकर भयपटात जीव दडपते, विनोदी चित्रपटात हसू आणते. कारण प्रकार कळताच मन प्रतिसाद ठरवून ठेवते. २०१६च्या ‘सैराट’बाबत हा प्रयोग अवश्य करावा: पूर्वार्धातील गाणी आणि खोडकर प्रेम पाहून प्रेक्षक सुखान्त गृहीत धरू लागतो, आणि म्हणूनच तो निःशब्द शेवट त्याला सुन्न करतो. ही अपेक्षा नेमकी कोणत्या प्रसंगात रुजली, ते शोधणे मला सर्वांत मोलाचे वाटते. चित्रपट संपल्यावर मंडळींना थोडा वेळ शांत बसू द्यावे, मगच कागद वाचावेत.