मनासारखे हवामान असलेले ठिकाण कसे शोधावे

कोणते हवामान आवडते, असे विचारले तर बहुतेक जण ‘थंड’ किंवा ‘उबदार’ एवढेच सांगतात. राहण्याचे ठिकाण निवडायला एवढे पुरत नाही. माझ्या मते सुरुवात आवडीपेक्षा नावडीपासून करावी. रात्रीच्या उकाड्याने झोप उडते का, आठवडाभर मळभ राहिले की मन खचते का, कोरड्या हवेने घसा आणि त्वचा त्रासते का, हे नीट आठवून लिहावे, आणि त्यांपैकी कोणती गोष्ट मुळीच सहन होत नाही तिच्यावर खूण करावी.

त्यानंतर आकडेवारीकडे वळावे. हवामानशास्त्रात साधारणपणे तीस वर्षांची सरासरी प्रमाण मानतात आणि सध्या 1991 ते 2020 हा कालखंड वापरला जातो. मात्र हवा तापत चालली असल्याने गेल्या दहा वर्षांच्या नोंदीही वेगळ्या पाहाव्यात. वार्षिक सरासरी तापमानावर तर कधीही विसंबू नये. सॅन फ्रान्सिस्को आणि सेंट लुईस ही दोन्ही अमेरिकी शहरे 38 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत आणि दोघांची वार्षिक सरासरी 14 अंश सेल्सिअसच्या जवळपास येते. असे असूनही सेंट लुईसची जानेवारीतील सरासरी शून्याजवळ तर जुलैतील 27 अंशांजवळ असते, आणि सॅन फ्रान्सिस्कोत थंड सागरी प्रवाहामुळे उन्हाळाही गारच राहतो. म्हणून प्रत्येक महिन्याचे कमाल आणि किमान तापमान स्वतंत्रपणे पाहावे. किमान तापमान विशेष महत्त्वाचे, कारण रात्र गार होते की नाही हे त्यावरूनच कळते.

दमटपणाच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते. सापेक्ष आर्द्रतेची, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती आहे याची, टक्केवारी तापमानाबरोबर बदलते. 10 अंशांच्या सकाळी 90 टक्के आर्द्रता असली तरी घाम येत नाही, पण 32 अंशांना 60 टक्केही जीव नकोसा करतात. त्यापेक्षा दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातील बाष्पाचे दव होऊ लागते तो आकडा, पाहावा. तो 15 अंशांच्या खाली असेल तर हवा बहुतेकांना सुखद वाटते, 20 च्या पुढे चिकचिक सुरू होते आणि 24 च्या वर घाम वाळतच नाही. उकाडा सहन न होणाऱ्यांनी एकच आकडा पाहायचा ठरवला, तर तो हाच असावा.

पाऊस आणि मळभ यांचीही गल्लत करू नये. लंडनमध्ये वर्षभरात न्यूयॉर्कच्या निम्म्याच्या आसपास पाऊस पडतो, तरीही लंडनला सुमारे 1,700 तास ऊन मिळते आणि न्यूयॉर्कला सुमारे 2,500 तास. पेरूची राजधानी लिमा वाळवंटात आहे, तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, आणि तरीही हिवाळ्याचे महिने ढगांखालीच जातात. ज्यांचे मन उन्हावर अवलंबून असते, त्यांनी पावसाच्या मिलिमीटरपेक्षा सूर्यप्रकाशाचे तास मोजावेत.

उंचीचा हिशेब सोपा आहे: दर 1,000 मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. विषुववृत्तालगतचे क्विटो शहर सुमारे 2,850 मीटर उंचीवर असल्यामुळेच तिथे बारा महिने गारवा असतो.

एखाद्या ठिकाणची हवा पूर्वी मानवली असेल, तर जगभरातील हवामानाचे प्रकार अक्षरांनी दाखवणाऱ्या कोपेन वर्गीकरणात त्याचा अक्षरसंकेत शोधावा आणि नकाशावर तोच संकेत आणखी कुठे आहे ते पाहावे. कोरडा उन्हाळा आणि सौम्य, पावसाळी हिवाळा असे भूमध्य सागरी हवामान कॅलिफोर्नियात, मध्य चिलीत, दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात आणि ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य किनाऱ्यावरही आढळते. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

शेवटी दोन-तीन ठिकाणे उरली की तिथे प्रत्यक्ष जावे, आणि तेही पर्यटकांच्या हंगामात न जाता, सुरुवातीला खूण केलेला त्रास जेव्हा सर्वाधिक असेल त्या महिन्यात. निदान दोन आठवडे राहावे, नेहमीची कामे करावीत आणि रात्री खिडकी उघडी ठेवून झोप लागते का ते पाहावे.