मोठा स्नूक पकडून सोडताय? या चुका टाळा

अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पाजवळ राहायला आल्यावर पहिल्यांदा स्नूक हा मासा पाहिला, तेव्हा तोंडातून आपसूक 'जिताडा!' असंच निघालं. तेच उतरतं डोकं, तोच पुढे आलेला खालचा जबडा. फक्त याच्या अंगावर कल्ल्यापासून थेट शेपटीपर्यंत एक ठळक काळी रेघ. आपल्याकडे रायगडात जिताडा, तळकोकणात खजुरा, गोव्यात चोणक म्हणतात, त्या माशाला आणि स्नूकला शास्त्रज्ञ एके काळी एकाच कुळात धरत. दोघांची आणखी एक गोष्ट सारखी आहे, आणि पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. हे मासे आधी नर म्हणून वयात येतात आणि मोठे होता होता मादी बनतात. म्हणजे चाळीस इंची स्नूक गळाला लागला, तर तो 'तो' नसतो. ती अंडी घालणारी मोठी मादी असते. म्हणून इथून पुढे मी 'ती'च म्हणणार आहे.

फ्लोरिडात तिला घरी नेता येत नाही. पूर्व किनाऱ्यावर २८ ते ३२ इंच आणि गल्फच्या म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला २८ ते ३३ इंच, एवढ्याच मापाचा मासा ठेवता येतो. तोही हंगाम चालू असेल आणि परवान्यासोबत स्नूकचा वेगळा परवाना असेल तरच. बाकी सगळे तिथल्या तिथे, धडधाकट सोडायचे. इथल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा सोडलेल्या शंभर स्नूकमागे साधारण दोनच दगावले होते. इतका चिवट मासा सोडल्यावर मरत असेल, तर बहुतेक वेळा आपल्या हातून काहीतरी चुकलेलं असतं.

बारीक दोरी, लांबलेली झुंज

हलक्या रॉडवर मोठा मासा खेळवण्यात मर्दुमकी वाटते, पण त्याची किंमत मासा मोजतो. ऑगस्टमध्ये किनाऱ्याचं पाणी तीस अंशांपर्यंत तापतं, त्यात प्राणवायू आधीच कमी असतो. अशा पाण्यात वीस मिनिटं दमवलेली मादी पोहत गेलेली दिसते खरी, पण ती वाचेलच असं नाही. मोठ्या माशाच्या मागे असाल तर ३० पौंडांचा ताण सोसणारी, वेणीसारखी विणलेली दोरी घ्या आणि पुढे, गळाच्या बाजूला, ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा (चिवट प्लास्टिकच्या तंतूचा) तुकडा बांधा. हा जाड तुकडा आणखी एका कारणासाठी हवा: स्नूकच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. बारीक दोरी तिथे तुटते, आणि मासा तोंडात गळ अडकलेला घेऊन निघून जातो.

गळ पोटात गेला तर

जिवंत आमिषाला तीन तोंडांचा गळ लावणं स्नूकसाठी बेकायदेशीर आहे. आत वळलेल्या टोकाचा एकेरी गोल गळ वापरा, म्हणजे तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. फक्त चाव लागल्यावर रॉडला हिसका द्यायची सवय मोडावी लागते. दोरी ताणली जाऊ द्यायची आणि सावकाश गुंडाळायची. एवढं करूनही गळ खोल गिळलाच, तर पक्कड घालून आत उकरू नका. शक्य तितक्या जवळून दोरी कापा आणि गळ तसाच राहू द्या.

जबड्याला टांगून काढलेला फोटो

माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट चूक हीच. पहिली मोठी मादी मी एका पुलावरून दोरीनेच वर ओढली, जबड्याला चिमटा लावून वजनकाट्यावर टांगली, आणि मित्राने सावकाश फोटो काढले. तिचं सगळं आयुष्य पाण्याने अंग तोललेलं असतं. तसं टांगल्यावर सगळा भार जबड्यावर आणि मणक्यावर येतो, आतल्या अवयवांना ओढ बसते. खाली सोडल्यावर ती आडवीच तरंगली. पुलाखाली डॉल्फिन होता, त्याने तिला नेलं. आजही पुलावर उभा राहिलो की ते आठवतं.

आता मी असं करतो. पुलावर किंवा धक्क्यावर असलो तर दोरीला बांधून खाली सोडायचं रुंद जाळं सोबत असतं. किनाऱ्यावर किंवा होडीत गाठी नसलेलं रबरी जाळं. तिला त्यातच, पाण्यात ठेवायचं. हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने आणि टॉवेलने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच तिला रोगांपासून वाचवतो. कॅमेरा आधी तयार ठेवायचा. मग एक हात जबड्याखाली, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. बोटं कल्ल्यात कधीच नाहीत. तिला बाहेर काढताना आपला श्वास रोखायचा; आपल्याला हवा लागली की तिला पाणी लागलं.

वजन हवंच असेल तर टेप पुरे. इंचांत लांबी घ्या, तिला घेराने दोनदा गुणा आणि ८०० ने भागा. वजन पौंडांत अंदाजे मिळतं.

सोडल्यावर ती आडवी होत असेल तर

पुढे-मागे घुसळू नका. मागे ओढल्यावर पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. तोंड प्रवाहाकडे करून शेपटीच्या बुंध्याशी धरा, प्रवाह नसेल तर तिला घेऊन हळूहळू पुढे चाला. तिने स्वतः शेपटी मारून हात झटकला की सोडा, आधी नाही. आसपास डॉल्फिन किंवा शार्क दिसला, तर तिथे सोडणं म्हणजे त्याच्या तोंडी देणं. होडी असेल तर तिला जाळ्यात, पाण्यात धरून थोडं लांब जा, आणि पुढची फेकही त्या जागी नको.

जाऊच नये असे दिवस

उन्हाळ्यात या माद्या खाडीच्या मुखांशी अंडी घालायला जमतात. तेव्हा मासे ठेवायला बंदी असते, पकडून सोडायला नसते. मी मात्र एक मिळाली की थांबतो. एका ओहोटीत पाच माद्या दमवण्यात मला आनंद वाटत नाही. आपल्याकडे गाभोळीने भरलेला जिताडा बाजारात पाहून आता जे वाटतं, तेच इथेही वाटतं.

थंडीचं वेगळंच. स्नूक उष्ण पाण्याचा मासा. पाणी १५ अंशांच्या आसपास आलं की तो सुस्तावतो, खाडीच्या आत किंवा वीजकेंद्राच्या गरम पाण्याशी गोळा होतो आणि पकडायला सोपा होतो. जानेवारी २०१० च्या थंडीत फ्लोरिडात स्नूक इतके मेले की गल्फच्या बाजूला ते ठेवायला सप्टेंबर २०१३ पर्यंत बंदी राहिली. त्यामुळे थंडीची लाट आली की मी पाण्यात थर्मामीटर सोडून बघतो, आणि आकडा खाली असेल तर रॉड गाडीतून काढतच नाही.